लोकगीताचे स्थलांतर आणि निवडीचा न्याय : सचिन देव बर्मन यांच्या निवडक गीतांच्या निमित्ताने

वाङ्मयात निवड ही टीकेचीच एक क्रिया मानली जाते. एखाद्या कवीच्या समग्र रचनेतून शंभर कविता वेचणारा संपादक त्या कवीविषयी एक मत मांडत असतो. त्याने प्रस्तावना लिहिली नाही, तरी काय घेतले आणि काय वगळले यावरून ते मत वाचकाला कळते. त्याबद्दल संपादकाला जाबही विचारता येतो. गायकाच्या लोकप्रिय गीतांचा जो संग्रह ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाजारात येतो, त्याला असा जबाबदार संपादक बहुधा नसतो. त्याची निवड श्रोत्यांच्या मागणीने अगोदरच केलेली असते, आणि कंपनीच्या मालकीत कोणती मुद्रणे आहेत यावर तिची सीमा ठरते. तरीही असा संग्रह हे एक मतच असते. किंबहुना ते अधिक प्रभावी मत असते. कारण ते मत आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पुढच्या पिढीला तो गायक जो कळतो, तो पुष्कळदा या संग्रहापुरताच.

ज्या गायकाने एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत प्रवेश केला, ग्रामीण गीत नगरात आणले आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांना आपलेसे केले, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. अमेरिकेत पॅट्सी क्लाइन हिचे उदाहरण बोलके आहे. 'कंट्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण गीतपरंपरेत ती वाढली. नॅशव्हिलच्या मुद्रणगृहात ओवेन ब्रॅडली या निर्मात्याने तिच्या गाण्यातून खेड्यातील फिडल आणि स्टील गिटार मागे सारली आणि त्यांच्या जागी तंतुवाद्यांचा वृंद व मृदू समूहस्वर आणले. १९६३ साली विमान अपघातात ती मरण पावली. तिच्या निवडक गीतांचा संग्रह १९६७ साली निघाला आणि पुढे त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. आज बहुसंख्य श्रोत्यांना ठाऊक असलेली क्लाइन या संग्रहातली आहे. ती ज्या वाटेने नगरात आली ती वाट संग्रहात फारशी उरलेली नाही. पोचल्यानंतरची गायिका तेवढी उरली आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार करण्यास सचिन देव बर्मन यांच्याइतके योग्य उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांची कीर्ती एवढी मोठी आहे की गायक सचिन देव बर्मन हा तिचा परिशिष्टभाग समजला जातो. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील गीतांचे संग्रह दीर्घ तबकडीच्या काळापासून ध्वनिफितींच्या मार्गे आजच्या दिवसापर्यंत निघत आले आहेत. स्थूलमानाने त्यांचे दोन वर्ग पडतात. एक बंगाली गीतांचा, जो मुख्यतः कलकत्त्याच्या श्रोत्यांसाठी असतो. दुसरा हिंदी चित्रगीतांचा, जो उर्वरित भारतासाठी असतो. भाषेनुसार केलेली ही विभागणी व्यापाराच्या दृष्टीने सोयीची आहे. पण तिच्यामुळे एकाच गळ्यातून निघालेली, एकाच नदीची गीते क्वचितच शेजारी बसतात. या संग्रहांतून ऐकू येणारा गायक आणि इतिहासात होऊन गेलेला गायक यांच्यात किती अंतर आहे आणि त्या अंतराचा अर्थ काय, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१

सचिन देव बर्मन यांचा जन्म १ ऑक्टोबर १९०६ रोजी कुमिल्ला येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घराणे त्रिपुराच्या राजकुलाशी संबंधित, वडील नवद्वीपचंद्र हे सतारवादक आणि ध्रुपदाचे जाणकार. घरात अभिजात संगीत असे नांदत होते. लोकसंगीत मात्र घरच्या नोकरांच्या मुखाने आले. 'देश' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या 'सरगमेर निखाद' या आत्मकथनात त्यांनी माधव आणि अन्वर या दोन सेवकांचे ऋण मानले आहे. एक रामायण गात असे, दुसरा दोतारा वाजवून भाटियाली म्हणत असे. मुलगा राजघराण्यातला, गुरू सेवकवर्गातला, आणि त्यांच्यात धर्माचाही अडसर नाही. बंगालच्या लोकसंगीताची ही खरी पाठशाळा होय. महाराष्ट्रातही जात्यावरच्या ओव्या अनेक लेखकांच्या कानी पडल्या त्या घरी दळणाऱ्या बायांच्या तोंडूनच.

विश्वविद्यालयीन शिक्षणासाठी सचिन देव बर्मन कलकत्त्यास आले आणि तेथे अभ्यासक्रमापेक्षा गाण्यातच रमले. कृष्णचंद्र दे यांच्याकडे आणि पुढे भीष्मदेव चट्टोपाध्याय यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. एक कीर्तन, नाट्यगीत आणि रागदारी यांत सारखेच वावरणारे अंध गायक. दुसरे ख्यालाचे तरुण प्रतिभावंत. कलकत्त्यास १९२७ साली नभोवाणी केंद्र सुरू झाले होते, आणि १९२८ साली डमडम येथे ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला होता. गाणाऱ्याला मैफलीबाहेर, अनोळखी श्रोत्यांपर्यंत पोचण्याची साधने प्रथमच एवढ्या प्रमाणात उपलब्ध होत होती. गाणे आणि गाव यांचा संबंध सैल होण्याचा हा आरंभ होता.

१९३२ साली चंडीचरण साहा यांच्या हिंदुस्थान कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. हीच ती कंपनी, जिने रवींद्रनाथांच्या आवाजाचेही मुद्रण केले. त्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूस खमाज रागाच्या आधारावरचे गीत होते. दुसऱ्या बाजूस लोकगीताच्या धाटणीचे. हा योगायोग असो वा योजना असो, पुढच्या चार दशकांची सारी समस्या त्या एका तबकडीत सामावलेली आहे. तबकडीचा एक गुण असा की एक बाजू ऐकताना दुसरी हातात असते. उलटली की ती वाजू लागते. निवडक गीतांच्या संग्रहाने पहिला घाव घातला तो या दुसऱ्या बाजूवर. तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत सचिन देव बर्मन यांनी गायिलेली रागाश्रयी बंगाली गीते, ठुमरीच्या अंगाने गेलेल्या रचना, या जाणकारांच्या आठवणीत राहिल्या. सर्वसाधारण संग्रहातून त्या हळूहळू मागे पडल्या. उरला तो नदीचा गायक.

या निवडीत श्रोत्यांची चूक झाली असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात त्याच सुमारास जी. एन. जोशी यांच्यासारखे गायक काव्याला ध्वनिमुद्रिकेवर नेऊन भावगीताचा पाया घालत होते; बंगालमध्ये 'आधुनिक गान' आकार घेत होते. दोन्हीकडे रागाचा आधार घेणारे सुशिक्षित गायक पुष्कळ होते. भाटियालीची हाक तेवढ्याच कसाने नगरातील श्रोत्यांपर्यंत नेणारे मात्र थोडे. दुर्मीळ ते श्रोत्यांनी ओळखले आणि जपले. आक्षेप आहे तो एवढाच की ही हाक कोणत्या साधनेमुळे शक्य झाली, ते सांगणारी बाजू संग्रहाने गाळली; आणि त्यामुळे एक भ्रम निर्माण झाला की हा गळा निसर्गतःच नावाड्याचा होता.

२

हा भ्रम दूर करण्यासाठी भाटियालीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. 'भाटा' म्हणजे ओहोटी, उताराचा प्रवाह. नाव प्रवाहाबरोबर खाली जात असता वल्ह्यांना फारसे काम नसते. नावाडी एकटा असतो, पात्र विस्तीर्ण असते, वेळेचे बंधन नसते. म्हणून भाटियालीत ताल जवळजवळ नसतो. गाणारा वरच्या सप्तकात हाक घालतो, ती लांबवतो आणि मग सावकाश खाली उतरतो. याच्या उलट 'सारी' गीत. ते अनेक वल्हेकऱ्यांनी मिळून म्हणायचे, वल्ह्याच्या ठेक्याने बांधलेले. एक एकांताचे, दुसरे श्रमाचे. दोन्हींचा जन्म कामाच्या अटींतून झालेला आहे. मराठी वाचकाला मोटेवरचे गाणे आणि जात्यावरची ओवी यांच्या स्मरणाने ही गोष्ट सहज पटेल. मोट बंद पडली, दळण गिरणीत गेले, आणि गीताची लय ज्या श्रमाने ठरवली होती तो श्रमच नाहीसा झाला.

अशी भाटियाली सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत शिरते तेव्हा काय होते? अमर्याद वेळ ही जिची पहिली अट, तिला ठराविक वेळात आरंभ, मध्य आणि शेवट असावा लागतो. ताल घ्यावा लागतो. वाद्यांचे पूरक तुकडे येतात. मुक्त हाक आरंभीच्या आलापापुरती किंवा कडव्यांमधल्या एखाद्या जागेपुरती उरते. येथे सचिन देव बर्मन यांच्या तालमीचे महत्त्व ध्यानात येते. जी गोष्ट विस्ताराने सांगायची ती त्यांनी सूचनेने सांगितली. स्वर लांबवताना मध्येच आवाजाला दिलेली किंचित मोड, अनुनासिकाकडे झुकणारा उच्चार, पूर्व बंगालच्या बोलीची न लपविलेली छटा, आणि ओळीच्या शेवटी श्वास संपण्याच्या थोडे आधीच सोडलेला स्वर, या चार-पाच खुणांवर त्यांनी नदीचे सारे अंतर उभे केले. नावाड्याला या खुणांची गरज नसते. त्याच्यापुढे नदीच असते. खुणा लागतात त्या नदी समोर नसताना. म्हणून हा गळा नावाड्याचा नव्हे, तर नावाड्याला आठवणाऱ्या आणि रागसंगीताने कान तयार झालेल्या एका नागर कलावंताचा आहे. त्याची थोरवी याच गोष्टीत आहे.

लोकसंगीताचे मर्मज्ञ गायक आणि अभ्यासक हेमांग बिश्वास यांनी लोकसंगीताला घराणे नसते, 'बाहिराना' असतो असा एक मार्मिक विचार मांडला आहे. घराणे माणसांच्या परंपरेने चालते. बाहिराना प्रदेशाच्या, मातीच्या, बोलीच्या परंपरेने. एका प्रदेशाची स्वरांची ढब दुसऱ्याला उचलता येत नाही, असा त्याचा आशय. मराठीत वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त (१९६१) घराण्यांच्या आवाज आणि लय यांविषयीच्या दृष्टींची जी मीमांसा केली, तिच्या शेजारी हा विचार ठेवून पाहण्यासारखा आहे. या कसोटीवर सचिन देव बर्मन कोठे बसतात? त्यांचा बाहिराना निःसंशय पूर्व बंगालचा. पण त्यांनी तो घराण्याच्या शिस्तीने राखला. जी वस्तू केवळ त्या भूमीत राहून टिकते, ती त्यांनी भूमी सोडून, अभ्यासाने टिकवून दाखविली. उत्तर बंगालची भावाइया मुद्रिकांवर आणणारे आब्बासउद्दीन अहमद (१९०१–१९५९) यांच्याशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. आब्बासउद्दीन यांचे गाणे ऐकताना प्रदेश आधी येतो आणि गायक मागून. सचिन देव बर्मन यांच्या गाण्यात दोघे एकाच वेळी येतात, आणि कधी कधी गायक पुढे असतो.

या स्थलांतरात काही गमावले गेले हेही मान्य केले पाहिजे. सिल्हेट भागातील शेख भानू या सूफी पदकाराचे एक गूढ पद आहे. रात्री फुलांच्या बनात जाणाऱ्या भ्रमराला उद्देशून ते म्हटलेले असून त्याचा खरा अर्थ देहतत्त्वाचा, साधनेचा आहे. जसीमउद्दीन यांनी ते पालटून त्याचे प्रेमगीत केले आणि सचिन देव बर्मन यांच्या आवाजात ते घरोघर पोचले. एकनाथांनी वाघ्या, जोशी, गोंधळी यांची लौकिक रूपे घेऊन त्यांत परमार्थ भरला. येथे परमार्थाचे पद घेऊन त्यातून लौकिक शृंगार काढला गेला. दिशा उलट आहे. फुले, भ्रमर, रात्र हे सारे जागच्या जागी आहे, केवळ ज्याच्यासाठी ते होते ते नाही. मुद्रिकेने जसीमउद्दीन यांचे नाव सर्वत्र नेले, शेख भानूंचे मागे राहिले. एवढे मात्र खरे की ऐकणाऱ्याला त्या प्रेमगीतातही काहीतरी शब्दांपलीकडचे जाणवत राहते. मूळ अर्थ काढून घेतल्यावरही चालीत त्याची सावली राहिली असावी. लोकपरंपरेतील चाल ही शब्दांपेक्षा अधिक चिवट असते, याचे हे एक प्रमाण.

३

१९४४ साली शशधर मुखर्जी यांच्या निमंत्रणावरून सचिन देव बर्मन मुंबईस फिल्मिस्तानमध्ये आले आणि ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. या तीन दशकांत त्यांनी शेकडो गीतांना चाली दिल्या. स्वतः मात्र मोजकीच गायिली. ही मोजकी गीते एकत्र ऐकली असता एक वैशिष्ट्य नजरेस येते, ज्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. त्यांतील प्रमुख गीते चित्रपटाच्या नायकाच्या ओठांवर नाहीत.

'सुजाता' (१९५९) मधील मजरूह यांचे गीत नावाड्याचे आहे. अस्पृश्य म्हणून जन्मलेली मुलगी आणि सवर्ण तरुण यांच्या प्रेमाची ही कथा. सुबोध घोष यांच्या कथेवर बिमल रॉय यांनी ती रचली. दोघांना जे परस्परांशी बोलता येत नाही, ते नदीवरचा एक तिऱ्हाईत आपल्या मित्राला उद्देशून गातो. 'बंदिनी' (१९६३) जरासंध यांच्या 'तामसी' कादंबरीवर आधारलेला. त्याच्या शेवटी कल्याणीपुढे दोन वाटा आहेत, एक आगगाडीची आणि एक जलवाहतुकीच्या बोटीची. एकीकडे सुरक्षित भविष्य, दुसरीकडे ज्याच्यामुळे आयुष्य उद्ध्वस्त झाले तो आजारी माणूस. निर्णयाच्या त्या क्षणी घाटावर शैलेंद्र यांचे नावाड्याला साद घालणारे गीत सुरू असते. 'गाइड' (१९६५) च्या आरंभी तुरुंगातून सुटलेला राजू दिशाहीन चालू लागतो आणि वाटसरूला विचारणारा एक आवाज त्याच्या मागून येतो. 'आराधना' (१९६९) मध्ये दुःखात सापडलेल्या स्त्रीला धीर देणारा आवाजही असाच बाहेरचा आहे. या गायनासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संस्कृत नाटकातील सूत्रधाराला सारे कथानक ठाऊक असते. ग्रीक नाटकातील वृंद घडणाऱ्या गोष्टीवर भाष्य करतो. सचिन देव बर्मन यांचा हा आवाज या दोहोंहून निराळा आहे. त्याला कथा ठाऊकच नसते. 'बंदिनी'च्या घाटावरच्या गाण्याला कल्याणी कोण हे माहीत नाही; ते आपल्याच दुःखाचे गाणे आहे. तिने ते ऐकले आणि तिला आपले उत्तर मिळाले. लोकगीत जगात नेमके याच रीतीने काम करते. जात्यावरची ओवी एकीने रचली, दुसरीने म्हटली, तिसरीने पलीकडच्या घरातून ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. पहिलीला तिसरीचे नावही ठाऊक नसते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' (१९४०) मध्ये संकलित केलेल्या ओव्या असोत, वा दुर्गाबाई भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) मध्ये विवरिलेली लोकसाहित्याची लक्षणे असोत, तेथे हेच दिसते की रचयित्याचे अनामिकत्व ही उणीव नसून ते गीताच्या सर्वगामित्वाचे कारण आहे.

या दृष्टीने पाहता सचिन देव बर्मन यांचा प्रवास सरळ रेषेत झालेला दिसत नाही. कुमिल्ल्यात गीत अनामिक होते. कलकत्त्याच्या तबकडीवर त्याला गायकाचे नाव चिकटले आणि ते व्यक्तीचे झाले. मुंबईच्या चित्रपटात, जेथे व्यापार सर्वाधिक आणि शुद्धतेची अपेक्षा सर्वांत कमी, तेथे त्यांनी नाव नसलेल्या माणसाच्या आवाजात गाऊन गीताचे अनामिकत्व त्याला परत दिले. चित्रपटाने लोकसंगीत भ्रष्ट केले, असा जो सरसकट निवाडा ऐकू येतो, त्याला हे एक ठोस उत्तर आहे. 'गाइड'मधील पर्जन्याची आळवणी पहा. आब्बासउद्दीन यांच्या आवाजात ती बंगालमध्ये प्रसिद्ध झालेली होती. आर. के. नारायण यांच्या कादंबरीतील दुष्काळाच्या प्रसंगी ती हिंदीत येते तेव्हा प्रदेश बदलतो, भाषा बदलते. तथापि पावसासाठी गावाने एकत्र येऊन केलेली याचना हे तिचे कार्य बदलत नाही. धोंडीची गाणी ऐकलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटत नाही, याचे कारण हेच.

यानंतर येतो निवडक गीतांचा संग्रह. तो ही सारी गीते चित्रपटांतून बाहेर काढतो आणि पुन्हा एकदा गायकाच्या नावाखाली एकत्र आणतो. घाट, तुरुंगाचे दार, कोरडे शेत हे सारे गळून पडते. जो आवाज कोणाचाच नव्हता तो सचिन देव बर्मन यांचा होतो. या क्रियेत हानी आहे. परंतु ती सर्वस्वी हानी नव्हे. चित्रपट न पाहिलेला श्रोताही त्या गीतांपाशी थबकतो आणि आपले काही त्यात ऐकतो. प्रसंगापासून सुटून पुन्हा नव्या प्रसंगाला जोडले जाणे हे लोकगीताला नवे नाही. संग्रहाने गीताचा संदर्भ नाहीसा केला, त्याच वेळी ते नव्या संदर्भासाठी मोकळेही केले.

४

बंगाली संग्रहात ज्या गीताला आदराचे स्थान मिळते, ते मीरा देव बर्मन यांनी लिहिलेले 'नाइओर'चे गीत या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. नाइओर म्हणजे सासुरवाशिणीचे माहेरी जाणे. पूर्व बंगालच्या जलमय मुलखात ते नावेने होते, आणि न्यायला भाऊ येतो. प्रवाहाबरोबर खाली जाणाऱ्या अनोळखी नावाड्याला ती विनविते की भावाला माझा निरोप सांग, मला न्यायला ये म्हणावे. यापेक्षा अधिक काही घडत नाही. भाऊबीजेची वाट पाहणारी बहीण, वाटेकडे लागलेले डोळे, निरोप्याची आर्जवे, या साऱ्याची मराठी ओवीत इतकी दाट परंपरा आहे की या गीतासाठी मराठी वाचकाला टीपेची गरज पडू नये. बैलगाडीच्या जागी नाव, घाटाच्या जागी नदी. बाकी सारे तेच.

येथे बोलणारी स्त्री आहे, लिहिणारी स्त्री आहे, आणि गाणारा पुरुष आहे. या विसंगतीतून गीताला एक विलक्षण खोली आली आहे. पुरुषाचा आवाज स्त्रीचे सोंग आणीत नाही. तिचा निरोप पोचविणाऱ्या नावाड्याचा तो आवाज होतो. ती बोलली, नावाड्याने ऐकले, आणि तोच तिचे शब्द घेऊन पुढे निघाला आहे असे वाटते. रचनाकर्त्रीचा हा वाटा मोठा आहे. मीरा देव बर्मन स्वतः गायिका होत्या, भीष्मदेवांकडे शिकलेल्या होत्या. पतीच्या उत्तरकालीन बंगाली गीतांतील अनेक उत्तम गीते त्यांची आहेत. गायकाच्या नावाने निघणाऱ्या संग्रहात त्यांचे नाव बारीक अक्षरांत जाते. अजय भट्टाचार्य, शैलेन राय या कवींच्या वाट्यालाही हेच आले. निवडक कवितांच्या पुस्तकावर कवीऐवजी वाचणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात छापले, तर जे होईल तेच येथे घडते. आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

या गीतांचा अर्थ आणखी एका घटनेने बदलला. १९४७ साली कुमिल्ला पूर्व पाकिस्तानात गेले. पूर्व बंगालमधून उठून आलेली लक्षावधी माणसे कलकत्त्याच्या आसपास वसली. त्यांच्या दृष्टीने या गीतांतील नदी आता सीमेपलीकडची झाली. नाइओरला जाण्याची याचना करणारी सासुरवाशीण आणि गाव सुटलेला निर्वासित यांच्या स्थितीत एक साम्य आहे. निरोप धाडता येतो, जाता येत नाही. फरक इतकाच की सासुरवाशिणीचे माहेर जागेवर असते. 'बंदिनी' आणि 'सुजाता'चे दिग्दर्शक बिमल रॉय हेही मूळचे ढाका भागातले, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून मुंबईस आलेले. मुंबईच्या चित्रपटातील ती नदी दोन स्थलांतरितांनी मिळून आठवलेली आहे, हे विसरून चालत नाही. पुढे १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात मीरा देव बर्मन यांनीच लिहिलेले बांगलादेशच्या ढोलाचे गीत सचिन देव बर्मन यांनी गायिले. बंगाली संग्रहांत ते उत्साहाचे गीत म्हणून घेतले जाते. नाइओरच्या गीताशेजारी ठेवून ऐकले तर मात्र त्या उत्साहाखालची व्याकुळता कानावर येते. तो ढोल वाजविणारा हात दूर मुंबईत होता.

येथेच संग्रहाचा दुसरा धोका आहे. गत गावाची ओढ ही सहज विकली जाणारी भावना आहे. एकामागून एक नदीची गीते लावली की ती ओढ गोड होते, तिची धार जाते, आणि कठोर जीवनातून आलेल्या भाटियालीला सुखवस्तू संध्याकाळचे रूप येते. नावाड्याच्या गीतात दारिद्र्य आहे, एकटेपण आहे, पैलतीराची भीती आहे. 'गाइड'मधील वाटसरूचे गीतही सांत्वन करीत नाही. ते प्रश्न विचारते. निवडीने केवळ माधुर्य वेचले तर ही कठोरता हरवते. याचा दोष गायकाकडे जात नाही. त्यांच्या आवाजाचा पोतच असा की तो गोडवा टिकू देत नाही. त्यातली ती मोड प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला किंचित अस्वस्थ करते.

५

मग अशा गायकाच्या निवडीचा न्याय कसा असावा? संग्रह नसावेतच असे म्हणणे निरर्थक आहे. त्यांच्याविना १९३२ ची तबकडी आज कोणाच्या कानी पडली असती? परंतु काव्यसंग्रहाच्या संपादकाकडून जी अपेक्षा केली जाते, ती येथेही करणे योग्य आहे. पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजू एकत्र असाव्यात, म्हणजे नावाड्याच्या हाकेमागची तालीम ऐकू येईल. बंगाली आणि हिंदी गीते भाषेनुसार न विभागता त्यांच्या आंतरिक नात्याने मांडावीत; नाइओरच्या गीतामागून 'बंदिनी'च्या घाटावरचे गीत आले, तर दोन्हींचा अर्थ वाढेल. कवींची आणि कवयित्रीची नावे गायकाच्या बरोबरीने द्यावीत, आणि जेथे शेख भानूंसारखा मूळ पदकार ठाऊक आहे तेथे त्याचेही स्मरण करावे. अशी निवड कदाचित कमी खपेल. पण तीच खरी निवड होईल. बाकीची केवळ बेरीज आहे.

हा प्रश्न बंगालपुरता नाही. लावणी, पोवाडा, भारूड, कोळीगीत यांचे मराठी नगरात जे स्थलांतर झाले, त्याचेही निवडक संग्रह निघतात, आणि तेथेही मूळ रचनाकार, मूळ प्रसंग व मूळ चाल यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. लोकसंगीत आणि जनसंगीत या दोन कोटी निराळ्या मानाव्यात, हे अशोक दा. रानडे यांच्या विवेचनाने मराठी अभ्यासकाला परिचित झाले आहे. सचिन देव बर्मन यांचे गायन या दोन कोटींच्या सीमेवर उभे आहे आणि सीमा सहज ओलांडता येते असे ते भासविते. ते भासविणे हीच त्यांची कला. ओलांडण्यासाठी काय द्यावे लागले याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे. आणि जोवर संग्रह काढणारे ते काम करीत नाहीत, तोवर ऐकणाऱ्याने स्वतःच तबकडीची दुसरी बाजू शोधून काढणे प्राप्त आहे.